गिनतीत एक कमी

२८ जून २०२४
द्वारा ५६ ए.पी.ओ.

तीर्थरूप काका,

तुम्हाला आणि काकीला वाकून नमस्कार.

"पोचल्याचं पत्र टाक, नाहीतर तंगडी मोडीन," असं तुम्ही कल्याण स्टेशनवर इतक्या मोठ्याने ओरडलात की दोन हमाल मागे वळून बघायला लागले. चोवीस वर्षं तोफखान्यात काढलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही, हे त्यांना काय माहीत! तर पोचलो. तंगडी शाबूत आहे.

इथे मोबाइल जमा असतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लाइन मिळते, ती सान्वी आणि क्षिप्रा या मायलेकी वाटून घेतात. तुम्हाला फोन करून उपयोग नाही, तुम्ही फक्त "हां, हां, जेवलास का?" म्हणता. त्यामुळे आपलं पत्रच बरं.

काकी विचारत होती की सुट्टीत मी एवढा गप्प का. दमलेलो, बाकी काही नाही. आणि धाकूचं तुम्हाला ठाऊकच आहे. धाकू वेखंडे, आपल्या शहापूरकडचा. पलटणीत प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून देतात, एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं. त्याला बडी म्हणतात. धाकू माझा बडी होता. मागच्या ऑक्टोबरात तो सुट्टीवरून आला आणि अकराव्या दिवशी त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याच्या दोनच दिवस आधी मनाच्या तब्येतीचा फॉर्म भरलेला. वीस प्रश्न, वीसही उत्तरं 'नाही'. माझी खाट त्याच्या शेजारी होती.

त्यानंतर साहेबांनी मला सहा आठवड्यांच्या कोर्सला पाठवलं. आता मी कंपनीचा समुपदेशक आहे. कोणाला झोप येत नाही, कोणाचं घरी बिनसलंय, कोण सुट्टीवरून आल्यावर जेवत नाही, हे बघायचं आणि दर तीन महिन्यांनी फॉर्म भरून घ्यायचे. कंपनीत आत्ता आम्ही एकशे अठरा जण हजर आहोत. यातला एकही आता जाऊ द्यायचा नाही, एवढं मी ठरवलंय.

मी दिलेलं घड्याळ वापरा. क्रॉस कंट्रीत जिंकलेलं आहे म्हणून कपाटात ठेवून देऊ नका. सान्वीला सगळी कागदपत्रं समजावून दिलीत, फाइलींवर नंबर टाकलेत. काही अडलं तर ती तुम्हाला विचारील. मला आता कसलंही टेन्शन नाही.

तुमचा
ऋतुराज


९ जुलै २०२४
दिवा (पूर्व)

चि. ऋतुराज यास,

पत्र पोचलं. तुझ्या काकीने आधी वाचलं, मग मला दिलं, म्हणजे या घरात हवालदार कोण ते तुला कळलंच.

इथे सगळं नेहमीसारखं. नळाला पाणी नाही, टँकर दिवसाआड. सोसायटीने मला शिटी दिलेली आहे. मी ड्रमांची रांग लावतो, मोजतो आणि पुढे सोडतो. तळमजल्यावरची मंदाकिनीबाई रोज एक हंडा जास्तीचा घुसवते. मी रोज पकडतो. ती रोज म्हणते, "अहो, ऐकू येत नाही पण दिसतं बरं तुम्हाला!" पलटण सुटली तरी मोजायची खोड सुटत नाही बघ.

कागदपत्रांचं काम झकास केलंस. सान्वीने कोपरला तुमच्या घरी बोलावून मला फाइली दाखवल्या. विमा, पेन्शन, नॉमिनी, क्षिप्राच्या शाळेचं, सगळं एक नंबर. मी आख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, की पोरगा बत्तिसाव्या वर्षी शहाणा झाला, मला साठी उलटेपर्यंत जमलं नाही. घड्याळही घालतो. मनगटावर जरा सैल होतं, पण ऐट येते.

धाकूचं वाईट झालं. पण एक सांगू का? आमच्या वेळी ना फॉर्म होते ना समुपदेशक. आम्ही मस्त होतो. तोफ डागायची, लंगरात जेवायचं, घोरायचं. मनबिन कोणाला असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. हल्ली तुम्ही पोरं फार विचार करता. पण काम मिळालंय ते चोख कर. तो फॉर्म काय आहे, कोरा असला तर एक पाठव. बघू तरी वीस प्रश्न कसले विचारतात ते.

क्षिप्राने तुझं चित्र काढलंय. त्यात तुला मिशी आहे आणि तू आमच्या बिल्डिंगपेक्षा उंच आहेस. जेवत जा.

तुझा काका
सहदेव सकपाळ


२४ जुलै २०२४
द्वारा ५६ ए.पी.ओ.

तीर्थरूप काका,

कोरा फॉर्म सोबत जोडलाय. हिंदीत आहे, तुम्हाला वाचता येईल.

या वेळचे फॉर्म काल भरून झाले. एकशे सतरा फॉर्म, वीस-वीस प्रश्न, आणि एकूण एक उत्तर 'नाही'. एवढी सुखी कंपनी अख्ख्या देशात सापडायची नाही. भरतात कसे ते सांगतो. सगळ्यांना पत्र्याच्या शेडमध्ये खाली बसवतात. पुढच्या रांगेतला एक जण मोठ्याने सुरू करतो, "एक, नाही. दोन, नाही. तीन, नाही." आणि मागचे त्याच तालावर खुणा करत जातात, पीटी केल्यासारखं. एखाद्याची खूण चुकून 'हो'वर पडली तर शेजारचाच खोडून देतो. चार मिनिटांत काम फत्ते.

त्यांना तरी काय बोलणार? 'हो' म्हटलं की हत्यार काढून घेतात, कोतात कुलूपबंद करतात. मग मेडिकल, मग तब्येतीची कॅटेगरी खाली, मग प्रमोशन लटकलं. आणि बराकीत लोक तुमच्याकडे अशा नजरेने बघतात की त्यापेक्षा कॅटेगरी गेलेली बरी. मी कोर्समध्ये शिकलेलं सगळं सांगून बघितलं. सगळे मान डोलावतात आणि 'नाही'वर खूण करतात. धाकूनेही तशीच केली असणार, त्याच शेडमध्ये, त्याच तालावर. आणि मी त्याच्या शेजारी बसून ताल धरला असणार.

झोपेचं काकीने सान्वीमार्फत विचारलंय. दोन-तीन तास होते, तेवढी आता पुरते. धाकूची खाट अजून कोणाला दिलेली नाही.

एक सांगायचं राहिलं. सान्वीचं बी.एड. लग्नामुळे अर्धं राहिलं. ती हुशार आहे, वयही काही फार नाही. तिला पुढे जे काही करायचं असेल, शिक्षण म्हणा किंवा आयुष्याचं दुसरं काही म्हणा, तिला कोणी अडवू नका. तुम्ही अडवणार नाही हे माहीत आहे, पण लिहून ठेवलेलं बरं. क्षिप्रा तुमचंच ऐकते.

ऋतुराज


३ ऑगस्ट २०२४
दिवा (पूर्व)

ऋतुराज,

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी एक फोन तिकडे गेलेला असेल. आज सकाळी मी कोपरला गेलो, सान्वीला तुझी दोन्ही पत्रं वाचायला दिली आणि पलटणीने घरच्यांना दिलेल्या नंबरावर तिला फोन करायला लावला. सुभेदार धम्मपाल साहेब स्वतः बोलले. जे मला वाटतं ते तिने त्यांना सांगितलं. तिला दोष देऊ नकोस. ती रडली, पण फोनवर तिचा आवाज एकदाही हलला नाही. शिव्या घालायच्या असतील तर मला घाल, मला निम्म्या ऐकू येणारच नाहीत.

आता का, ते ऐक.

पहिल्या पत्रात तू लिहिलंस, आम्ही एकशे अठरा जण हजर आहोत. दुसऱ्यात लिहिलंस, एकशे सतरा फॉर्म भरून घेतले. सुट्टीवर कोणी गेला, बदली झाली, असं काही लिहिलेलं नाहीस, आणि तू लिहिल्याशिवाय राहिला नसतास. मी टँकरच्या रांगेत उभा होतो आणि ड्रम मोजता मोजता हात थांबला. म्हटलं, एक फॉर्म कुठाय? मंदाकिनीबाईने दोन हंडे जास्त घुसवले, मला दिसले नाहीत.

नवा हवालदार पहिल्यांदा संध्याकाळची गिनती घ्यायला उभा राहिला की हमखास एक माणूस कमी भरतो. घामाघूम होतो, पुन्हा मोजतो, पुन्हा कमी. मग मागून कोणीतरी हसून सांगतं, "उस्ताद, अपने आप को भी गिनो." माझंही असंच झालेलं. लहानपणी तुला ती नदी ओलांडणाऱ्या दहा जणांची गोष्ट सांगायचो, प्रत्येक जण बाकीचे नऊ मोजतो आणि एक बुडाला म्हणून सगळे रडत बसतात. तू पोट धरून हसायचास. फॉर्म घेणाऱ्याचा फॉर्म कोणी घेतला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग मी मागे जाऊन सगळं पुन्हा वाचलं. जिंकलेलं घड्याळ देऊन टाकलंस. फाइलींवर नंबर टाकलेस. बायकोच्या पुढच्या आयुष्याची परवानगी माझ्याकडे जमा केलीस. आणि वर लिहिलंस, टेन्शन नाही. मी गाढव, बिल्डिंगभर सांगत सुटलो की पोरगा शहाणा झाला! हे शहाणपण नव्हतं रे. ही आवराआवर होती. मला ती दिसली नाही, याची मला लाज वाटते.

म्हणून सरळ विचारतो. ऋतुराज, तू मरायचा विचार करतो आहेस का?

असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात ते येतं, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. मला कसं माहीत, ते आता लिहितो. तुझ्या काकीलाही हे आजवर सांगितलेलं नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आम्ही मस्त होतो. ते साफ खोटं होतं. दोन हजार सालच्या जानेवारीत तुझे बाबा गेले. मला सुट्टी मिळून गावी पोचेपर्यंत तेरावा आला. भावाला खांदा देता आला नाही. परत गेलो तेव्हा कान गेलेले होते, झोप गेली होती, आणि मी नसलो तर सगळ्यांचं सोपं होईल, असं वाटायला लागलं. एक दिवस नाही, चार महिने. परेडला हजर, गिनतीला हजर, सगळीकडे हजर, आणि मनाने निघून गेलेला.

लंगरातल्या बुढ्ढ्या आचाऱ्याने ते पकडलं. मी वरण घेणं बंद केलं, एवढंच त्याने बघितलं होतं. मला भांडी घासायच्या जागी नेऊन त्याने माझ्या कानाशी ओरडून विचारलं, "मरने की सोच रहा है क्या?" मी म्हटलं, नाही. त्याने माझ्या 'नाही'वर विश्वास ठेवला नाही. हातातलं पातेलं ठेवून तो मला घेऊन डॉक्टरकडे गेला आणि मी आत जाईपर्यंत दारात उभा राहिला. त्याने विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात काही नवीन घातलं नाही, उलट डोक्यातलं ओझं पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात गेलं.

तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. त्या आचाऱ्याने मला ओढून नेलं नसतं, तर तुला दिव्याच्या शाळेत कोण घालणार होतं? मी काही तुझ्यावर उपकार मोजत नाही. मी नसलो तर सोपं होईल, हा माझा हिशेब किती चुकीचा होता, तेवढं दाखवतोय.

उत्तर दे. लगेच. आणि हे पत्र घेऊन आधी सुभेदार साहेबांकडे जा.

काका


१७ ऑगस्ट २०२४
द्वारा ५६ ए.पी.ओ.

काका,

तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळतंय का?

पाच तारखेला सकाळी मला बोलावून घेतलं, हत्यार कोतात जमा केलं, आणि तेव्हापासून एक जवान माझ्या सोबतीला आहे. संडासाला गेलो तरी हा दाराबाहेर खोकत उभा. मी ज्यांना धीर द्यायचो ती पोरं आता माझ्याशी हळू आवाजात बोलतात, आजाऱ्याशी बोलावं तशी. उद्या हॉस्पिटलला नेणार आहेत. हवालदारकीच्या यादीत माझं नाव होतं. ते आता विसरायचं.

आणि सान्वीला कशाला मध्ये ओढलंत? पत्रं मी तुम्हाला लिहिली होती.

तुमचं जे झालं ते वाचून वाईट वाटलं. पण प्रत्येकाला तुमच्यासारखंच होतं असं नाही. प्रश्न विचारलात ना? उत्तर घ्या. नाही.

ऋतुराज


२८ ऑगस्ट २०२४
दिवा (पूर्व)

चि. ऋतुराज यास,

तुझ्या 'नाही'वर माझा विश्वास नाही.

शिव्या पोचल्या. अक्षर चांगलं आहे, म्हणजे हात थरथरत नाही, यात मला आनंद आहे. प्रमोशन गेलं असेल तर त्याचा दोष माझ्या माथी. तू पेन्शनीत येऊन माझ्याशी तीस वर्षं भांड, मी रोज ऐकून घेईन. त्यासाठी तू असायला हवास. या एका बाबतीत मी हटणार नाही, तू कितीही फणकार.

सान्वीला का सांगितलं ते सांगतो. मी पंचवीस वर्षं तुझ्या काकीला सांगितलं नाही, त्याचा निकाल नुकताच लागला. तुला पत्र टाकून आलो आणि म्हटलं, पुतण्याला सांगितलं आणि बायकोला नाही, हे काही खरं नाही. संध्याकाळी तिच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. तिने चहा केला, दिला, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्या वर्षी तुम्ही पत्रात फक्त हवापाणी लिहायचात. मला वाटलं, तिकडे दुसरी कोणी ठेवलीय. पंचवीस वर्षं मी ते गिळून बसले." ऐकलंस? मी माझ्या मते तिला त्रासापासून वाचवत होतो. आणि तिने बिचारीने तेवढी वर्षं भलतंच दुःख सांभाळलं. मी लपवलं त्याची किंमत तिने दिली, वरातीमागून आता माझं घोडं आलंय. सान्वीला मी तसं जगू देणार नाही. तिला खरं काय ते माहीत असू दे. ती तुझ्यापेक्षा घट्ट आहे, काळजी नको.

रजिस्टर पार्सलने दोन वस्तू पाठवतोय.

एक, तुझं घड्याळ. ते मी घेणार नाही. तू जिंकलंस, तू घाल. माझ्या हाताला सैल होतं असं लिहिलं होतं, ते खरंच आहे. दुसऱ्याचं घड्याळ दुसऱ्याला बसत नाही.

दोन, तो तुझा कोरा फॉर्म. आता कोरा नाही. मी भरलाय. नाव, नंबर, रँक, पलटण, सगळं लिहिलंय, तारीख टाकलीय एप्रिल २०००. शेड नव्हती, ताल धरायला कोणी नव्हतं, जेवणाच्या टेबलावर काकीच्या समोर बसून भरला. झोप उडालीय का? हो. भूक मेलीय का? हो. लोकांत बसणं नकोसं वाटतं का? हो. चौदावा प्रश्न आहे, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का. तिथे दहा मिनिटं पेन हलेना. सदुसष्टाव्या वर्षी, दिव्याला, बायको समोर असताना, पेन्शन चालू असताना! माझी कॅटेगरी आता कोण पाडणार आहे? तरी भीती वाटली. तेव्हा कळलं की तुमच्या त्या एकशे सतरा पोरांना काय वाटत असेल. मग 'हो'वर खूण केली. आभाळ कोसळलं नाही. काकी म्हणाली, "झालं? आता पानं घेते."

हॉस्पिटलमध्ये तुला हाच फॉर्म देतील. आता चौदाव्या प्रश्नाला तू एकटा नाहीस, तुझ्याआधी तिथे एकाची खूण आहे.

दर रविवारी पत्र टाकीन. तू उत्तर दे किंवा देऊ नको.

काका


२२ सप्टेंबर २०२४
मिलिटरी हॉस्पिटल

काका,

हो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वॉर्डात फॉर्म दिला तेव्हा तुमचा शेजारी ठेवून भरला. चौदाव्याला मीही थांबलो. मग तुमची खूण बघितली. तुम्ही पेन इतकं दाबलंय की कागद मागून फुगलाय.

आता सगळं लिहितो, कारण डॉक्टर मॅडम म्हणाल्या की ज्याला लिहायचं त्याला लिही. सुट्टीवर निघतानाच मनात पक्कं होतं. म्हणून घड्याळ, म्हणून फाइली. पंधरा ऑगस्टची परेड झाली की, असं ठरवलेलं. परेडला माणूस कमी पडायला नको म्हणून थांबलेलो. हे आता लिहिताना विचित्र वाटतंय. पाच तारखेला माझं हत्यार काढून घेतलं. मधे दहा दिवस होते, काका. ते शिव्यांचं पत्र मी सतरा तारखेला लिहिलं, आणि लिहिताना मनात एकच होतं, की यांनी मला अडवलं.

धाकूबद्दल मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. जायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "ऋतू, जरा बसतोस?" मला कपडे धुवायचे होते. मी म्हटलं, उद्या. बस्स, एवढंच. मॅडमना हे सांगायला मला तीन आठवडे लागले. त्यांनी ते माफ केलं नाही किंवा समजावलंही नाही. त्या म्हणाल्या, "यावर आपण रोज थोडं थोडं काम करू." औषध चालू आहे. काल सहा तास झोपलो. उठलो तेव्हा भूक लागलेली.

सान्वी येऊन गेली. मला वाटलं रडेल. तिने पिशवीतून फाइली काढल्या, टेबलावर आपटल्या आणि म्हणाली, "हे तुझं तू सांभाळ. मी बी.एड.ला अ‍ॅडमिशन घेतलीय, मला वेळ नाही." मग रडली. मग मीही.

तुमची तिन्ही रविवारची पत्रं मिळाली. बंद करू नका.

ऋतुराज


१३ ऑक्टोबर २०२४
दिवा (पूर्व)

चि. ऋतुराज यास,

'हो' वाचलं. दोनदा वाचलं. मग काकीला दिलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. टँकर आला होता, आज शिटी वाजवायला गेलो नाही. मंदाकिनीबाईने म्हणे चार हंडे जास्तीचे भरले. भरू दे.

काल दसरा झाला. अष्टमीला काकी, सान्वी आणि क्षिप्राला घेऊन टेंभी नाक्याच्या देवीला गेलेलो. क्षिप्राने देवीला ओरडून सांगितलं, "बाबाला झोप दे." माझ्यावर गेलीय, आवाज कळत नाही. आजूबाजूचे हसले. मी नाही हसलो.

धाकूचं ओझं एकट्याने उचलू नकोस. कपडे धुणं हा गुन्हा नाही. पण 'उद्या' म्हटल्याचं तुला सलतंय, तर त्याचं काहीतरी कर. पुढच्या वेळी कोणी "बसतोस का" म्हणालं, तर बादली तिथेच टाकून बस.

काका


२ फेब्रुवारी २०२५
द्वारा ५६ ए.पी.ओ.

तीर्थरूप काका,

पलटणीत परत आलो. कॅटेगरी खाली आहे, हत्यार अजून नाही, मेडिकल बोर्ड पुन्हा जूनमध्ये. हवालदारकी गेली की लांबली ते तेव्हा कळेल. दर पंधरवड्याला डॉक्टरांकडे जावं लागतं. काही दिवस अजून वाईट जातात. कालचा गेला. आजचा बरा आहे.

धाकूची खाट मी मागून घेतली. साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की का? म्हटलं, नक्की. रिकामी ठेवून ती कोणाच्या कामाची?

फॉर्मची वेळ आली. मी सुभेदार धम्मपाल साहेबांना म्हटलं, शेडमध्ये नको. आता स्टोअरच्या मागच्या खोलीत एकेकाला बोलावतात, दार लावतात, चहा देतात, आणि घाई करत नाहीत. सगळे मिळून सहा दिवस लागले. पहिल्या दिवशी सुभेदार साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "पहिला फॉर्म माझा भरून झाला. त्यात दोन ठिकाणी 'हो' आहे. कुठे ते मी सांगणार नाही, पण आहे." अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा माणूस! शेडमध्ये पिन पडली असती तरी तुम्हालासुद्धा ऐकू आली असती.

दुसरा फॉर्म माझा.

आमच्या सुखी कंपनीत या वेळी तेरा जणांचं कुठे ना कुठे 'हो' निघालं. कोणाला झोप नाही, कोणाचं घरी पटत नाही. एकाचं चौदाव्याला. त्याने खूण केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "उस्ताद, जरा बैठोगे?" मी बसलो. जेवणाची शिटी झाली, तरी बसलो. मग त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो आणि तो आत जाईपर्यंत दारात उभा राहिलो. काल त्याचं हॉस्पिटलमधून पत्र आलंय. त्यात जेवणाबद्दल तक्रार आहे, म्हणजे बरा होतोय.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सुभेदार साहेबांनी गठ्ठा मोजायला घेतला. आता कंपनीत पुन्हा एकशे अठरा जण आहेत, मला धरून. त्यांनी मोजलं, थांबले, पुन्हा मोजलं. म्हणाले, "ऋतुराज, हे एकशे एकोणीस भरतायत. एक जास्त कसा?"

मी गठ्ठ्याच्या तळातून तुमचा फॉर्म काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाव वाचलं, रँक वाचली, तारीख वाचली. चौदाव्या प्रश्नावर बराच वेळ नजर ठेवली. मग विचारलं, "हे कोण?"

म्हटलं, "हवालदार सहदेव सकपाळ, तोफखाना. गिनतीला पंचवीस वर्षं उशिरा आलेत साहेब, पण हजर आहेत."

साहेबांनी फॉर्म बाजूला काढला नाही. गठ्ठ्यात परत ठेवला आणि वरच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, एकशे एकोणीस.

घड्याळ घातलंय. जेवलोय. तुम्ही जेवलात का?

तुमचा
ऋतुराज